पाचवा खिळा

मला राग लवकर येतो आणि आला की तो शेजारच्या तीन दुकानांना ऐकू जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट पिराजीची असली तरी तिच्यात माझा आरडाओरडा बराच आहे.

कोल्हापूरहून कोडोलीकडं येताना एक फाटा लागतो. त्याला सगळे सावरीचा फाटा म्हणतात. तिथं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या जळलेल्या मोटारी भरायच्या आणि झाडं पाडणाऱ्यांची कटर मशीन दुरुस्त करायची, चेनला कानस मारायची, हा माझा धंदा. चोवीस वर्षं झाली. एसटीचा कंडक्टर अजून 'सावरीचा फाटा' असंच ओरडतो. सावर आता तिथं नाही.

पिराजी झाडं पाडतो. पंचावन्नच्या पुढचा काटक माणूस, हाताची बोटं जाड, बोलणं मोजकं. लोक म्हणतात, झाड पाडायला काय लागतं, मशीनची दोरी ओढली की झालं. असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सटकतं. अरे, दोरी ओढून लाकूड कापलं जातं. झाड कुठं पडणार, हे दोरीला माहीत नसतं! पिराजी पहिला अर्धा दिवस मशीनला हातही लावत नाही. झाडाभोवती फिरतो, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट अंगानं, बुंधा ठोकतो, पोकळ कुठं आहे ते ऐकतो. मग लांब जाऊन उकिडवा बसतो आणि कुठल्या अंगाला वजन जास्त आहे ते बघत राहतो. त्यानंतर विळा घेऊन आधी स्वतःची पळायची वाट साफ करतो. एवढं झालं की चहा पितो. बघणाऱ्याला वाटतं, गडी कामचुकार आहे.

आणि सावर म्हणजे तर खोडसाळ झाड. बाभळ पडायच्या आधी करकरते, चार श्वास घ्यायला वेळ देते. सावर तसलं काही करत नाही. लाकूड मऊ, आतून पाण्यानं फुगलेलं. अंगावर बोटाएवढे काटे, बुंध्याला भिंतीसारख्या पाखी. पाखीमुळं खाली कापता येत नाही, छातीच्या उंचीवर कापावं लागतं. ओला भुसा चेनमध्ये चिकटतो. बोंडं फुटायच्या दिवसांत कापूस उडून मशीनच्या फिल्टरमध्ये बसतो आणि मशीन गुदमरतं. एवढं करून लाकडाला भाव नाही. कागलच्या एमआयडीसीत त्याची पॅकिंगची खोकी होतात, बाकी काही नाही.

पिराजीची एक रीत होती. झाड पाडायच्या आदल्या दिवशी तो आणि त्याची बायको अंबूबाई आसपासच्या घराघरांत, दुकानांत जायची. "उद्या झाड पाडतोय. कुणी खिळा मारला आसंल तर यायचं." ज्यानं मारला त्यानंच काढायचा, आणि काढताना मोठ्यानं नाव सांगायचं आणि किती मारले होते तो आकडा सांगायचा. अंबूवैनी पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून मोजायच्या.

लोक हसायचे. एकदा मीही विचारलं होतं, "नाव कशाला पायजे रं? खिळा निघाला म्हंजे झालं की."

"नाव सांगितलं की मानूस आकडा खरा सांगतो," पिराजी म्हणाला होता. "सा मारलं म्हनला आन पाचच निघालं, तर एक आत हाय. झाड खिळा गिळतंय, मल्लू. वरनं काय बी दिसत न्हाय."

मल्लू म्हणजे मी, मल्लेश.

अंबूवैनींचं दुसरं काम दोराचं. फांदी कापायच्या आधी तिला दोर बांधायचा, त्या दोराचे वेढे शेजारच्या झाडाला द्यायचे आणि फांदी तुटली की दोर हळूहळू सोडत ती खाली घ्यायची. वेढे किती द्यायचे आणि कधी सैल करायचे, हे त्या तळहातानं ओळखतात. पिराजी वर असला की खाली फक्त त्यांचंच ऐकतो.

आमच्या फाट्यावरची सावर माझ्या आज्याच्या आधीची. तिच्या मागं शालूमावशीचं घर आणि घराच्या पुढच्या पडवीतच चहाचं हॉटेल. मावशी विधवा, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. सावरीच्या अंगावर मात्र सगळ्या पंचक्रोशीचा हक्क. क्लासच्या जाहिराती, बोअर मारून मिळेल, म्हशी विकणे आहे. आणि या सगळ्यांच्या वर ठेकेदार धैर्यशीलचं फ्लेक्स. दरवर्षी वाढदिवसाला नवं. गॉगल घातलेला धैर्यशील, खाली शुभेच्छुकांचे तीस फोटो. जुनं फ्लेक्स काढायचं नाही, त्याच्यावरच नवं ठोकायचं. मला तो माणूस कधीच आवडला नाही आणि हे मी कधी लपवलं नाही.

फाल्गुनात रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि ते धैर्यशीलनंच घेतलं. सावर मधे येत होती. तो पांढऱ्या गाडीतून उतरला आणि पिराजीला म्हणाला, "उद्याच्या उद्या झाड आडवं पायजे."

"चार दिस लागतील."

"चार? जेसीबीनं ढकलली तर चार मिंटं लागतील."

"मग ढकला की, पावणं," पिराजी म्हणाला. "ह्या म्हातारीच्या घरावर पडली तर चार मिंटांत घर बी जाईल."

धैर्यशीलनं मावशीच्या कौलांकडं बघितलं. शेवटी दोन दिवसांवर तडजोड झाली. तिथंच पहिली चूक झाली असं मी नंतर सगळ्यांना सांगत सुटलो. पिराजीनं चारचे दोन करायला नको होते.

आदल्या दिवशी खिळ्यांची रीत झाली. बरीच माणसं आली. क्लासवाल्या मास्तरनं आठ काढले, बोअरवाल्यानं चार. धैर्यशील स्वतः आला नाही. त्यानं एक पोरगा पाठवला. त्यानं पहारीनं दिसतील ते उपटले आणि म्हणाला, "दादांचं आसतील चाळीसेक." अंबूवैनींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चाळीसेक म्हंजे किती? चाळीस का येक्केचाळीस?" पोरगा हसत निघून गेला.

पिराजी माझ्याही दारात आला होता. मी मोटारीत तार भरत होतो, मोजणी चुकू नये म्हणून मान वर केली नाही.

"मल्लू, तुझा काय?"

"माझा कुठला? माझ्या दुकानाच्या पाटीचा पत्रा कवाच उडून गेला की वळवात. बारा वर्सं झाली."

"बरं," म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रस्त्याच्या बाजूनं खाच घ्यायला सुरुवात केली. झाड ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला आधी खाच घेतात. खालचा काप आडवा, वरचा काप तिरका, कलिंगडाची फोड काढावी तशी. आडवा काप हातभर आत गेला होता आणि पातं डाव्या टोकाशी आलं होतं. ओला भुसा काचेवर चिकटतो म्हणून त्यानं डोळ्याचा चष्मा कपाळावर सरकवला होता. हे त्याचं चुकलंच, मी नाकारत नाही. तेवढ्यात चेनचा आवाज बदलला. मी दुकानात होतो, मला तो आवाज झोपेतही कळतो. लाकडातून लोखंडावर गेलेली चेन. मी उठून उभा राहीपर्यंत मशीन बंद पडलं होतं आणि पिराजी डाव्या डोळ्यावर हात दाबून खाली बसला होता. अंबूवैनी ओरडल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर फाडला, त्याच्या डोळ्यावर बांधला आणि मला म्हणाल्या, "भावजी, गाडी."

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं केली. डावा डोळा गेला तो गेलाच.

मशीन माझ्या दुकानात आलं. चेन बघितली तर सलग सहा दात उडालेले. साधा खिळा असता तर चेननं तो कापला असता, फार तर बोथट झाली असती. दात उडतात ते भिंतीत मारायच्या स्टीलच्या कडक खिळ्यानं. मी ती चेन हातात धरून तसाच शालूमावशीच्या हॉटेलात गेलो. धैर्यशील तिथं चहा पीत बसला होता. मी चेन त्याच्या बशीत आपटली.

"बघ! बघ तुझा वाढदिवस! मानसाचा डोळा खाल्लास तू!"

"माझी पोरं साधं खिळं वापरत्यात," तो म्हणाला.

"चाळीसेक म्हनला तुझा पोरगा! चाळीसेक! मोजायची अक्कल न्हाय आन ठोकायला पुढं!"

हॉटेलातली सगळी माणसं माझ्या बाजूनं उभी राहिली. पुढं चाळीस दिवस मी हेच करत होतो. गिऱ्हाईक आलं की त्याला चेन दाखवायची, दात दाखवायचे, धैर्यशीलला शिव्या घालायच्या. तो रस्त्यानं गेला की मी दुकानाच्या पायरीवर येऊन ओरडायचो. कोडोलीच्या बाजारापर्यंत ही कथा गेली. त्याच्या गाडीवर कुणी तरी दगड मारला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

पिराजीला भेटायला गेलो की मी त्यालाही हेच ऐकवायचो. "त्याला तुझ्या पायाशी आनतो का न्हाय बघ. सगळ्या फाट्यापुढं माफी मागाय लावतो." पिराजी खाटेवर बसून ऐकायचा. "बोल," म्हणायचा. "बोल तू." अंबूवैनी चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. पूर्वी त्या थांबायच्या, माझ्या बायकोची, पोरांची चौकशी करायच्या. मला वाटलं, दुःखात आहेत.

तिकडं धैर्यशीलनं आणखी एक शहाणपणा केला. रस्त्याच्या कामाला अडचण होते म्हणून त्याच्या माणसांनी जेसीबीच्या बकेटमध्ये उभं राहून सावरीच्या रस्त्याकडच्या सगळ्या फांद्या छाटल्या. घराकडच्या तशाच. आता सगळं वजन शालूमावशीच्या घराकडं, आणि बुंध्याला हातभर काप. मी परत जाऊन भांडलो. तो म्हणाला, दुसरा माणूस बोलावतो. त्यानं जयसिंगपूरपासून माणसं आणली. प्रत्येकानं येऊन काप बघितला आणि विचारलं, हा काप कुणाचा? पिराजीचा म्हटल्यावर सगळे माघारी गेले. दुसऱ्यानं काप घेतलेल्या झाडाला कुणी हात लावत नाही. आत काय आहे ते पहिल्यालाच माहीत असतं.

वैशाख लागला. बोंडं फुटली, हॉटेलातल्या चहाच्या कपात कापूस उडून पडायला लागला. दुपारनंतर पन्हाळ्याच्या अंगाला ढग चढायचे. वळवाच्या वाऱ्याचं एक वावधान आलं तरी झाड घरावर येणार, हे सगळ्यांना कळत होतं. मावशीला आम्ही म्हटलं, सासूला घेऊन चार दिवस कुठं तरी जा. ती म्हणाली, "कुठं जाऊ? अंथरुनातल्या म्हातारीला कोन घरात घेतंय?" आणि कप विसळायला लागली.

एका सकाळी पिराजी आला. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, खांद्यावर दोर, मागं अंबूवैनी. डॉक्टरनं सहा महिने कुऱ्हाड धरू नको म्हणून सांगितलं होतं.

"तुला येड लागलंय का?" मी म्हणालो.

"काप माझा हाय," तो म्हणाला. "त्यो उघडा टाकून मी घरात भाकरी खाऊ? ह्या दोघी बायका ढगाकडं बघत बसल्यात."

एका डोळ्यानं अंतर कळत नाही. चहाचा कप घ्यायला त्यानं हात पुढं केला तो कपाच्या चार बोटं अलीकडंच मिटला. मावशीनं तोंड फिरवलं. नंतर कळलं, गेले पंधरा दिवस तो घरामागच्या परड्यात एका ओंडक्यावर खडूची रेघ ओढून कुऱ्हाड मारत होता आणि अंबूवैनी घाव किती चुकला ते बोटांनी मोजून सांगत होत्या.

दोन दिवस त्यानं घराकडच्या फांद्या उतरवल्या. काट्यातून वर चढायचा, दोर बांधायचा, फांदीला हात लावून अंतर चाचपायचा आणि मग मशीन लावायचा. खाली अंबूवैनींनी शेजारच्या चिंचेला दोराचे वेढे दिलेले. फांदी तुटली की दोर ताणायचा आणि ती मावशीच्या कौलांवर हातभर अंतरावर तरंगत उभी राहायची. मग इंच इंच खाली. दर तासाला मशीन कापसानं गुदमरायचं. मी फिल्टर झटकून द्यायचो. दोन दिवसांत एक कौल फुटलं.

तिसऱ्या दिवशी खाच पुरी करायची होती. पिराजीनं पुन्हा खिळ्याची रीत लावली. या वेळी सगळा फाटा जमला. धैर्यशीलही आला, पांढऱ्या कपड्यांत, मला टाळून लांब उभा राहिला. मी त्याच्याकडं बघून थुंकलो. आणि सगळ्यांना दिसेल असं एक मोठं लोहचुंबक बाहेर काढलं. जुन्या स्पीकरचं. म्हटलं, आता बघतो, कुठं लपवलेत ह्यानं.

चुंबक सालीवरनं फिरवत गेलो. आडव्या कापाच्या उजव्या टोकाशी ते खेचलं गेलं. मी पटाशीनं साल उडवली. दोन बोटं आत खिळ्याचं डोकं दिसलं. स्टीलचा. "हे बघा!" मी ओरडलो. आजूबाजूचं लाकूड कोरलं, पकडीनं धरून हिसका दिला. खिळा बाहेर आला. डोक्याखाली लाल फायबरचा वॉशर होता.

तो वॉशर मोटारीत तारेच्या जोडाखाली घालतात. फाट्यावर तो एकाच दुकानात मिळतो. माझ्या.

हातभर वर चुंबक परत खेचलं. तिथंही तेच. त्याच्या डावीकडं दोन हातांवर तिसरा. तिन्हींना लाल वॉशर. चौकोनाचा चौथा कोपरा जिथं यायला पाहिजे तिथंच पिराजीचा काप होता, चेनचे दात जिथं उडाले तिथंच.

बारा वर्षांपूर्वी पत्रा उडाला. मला वाटलं, खिळे पत्र्याबरोबर गेले. वाटलं असंही म्हणता येत नाही, मी विचारच केला नाही. आपलं काम पक्कं असतं म्हणून मी स्टीलचे खिळे घेतले होते, पत्रा फाटू नये म्हणून वॉशर घातले होते. मला त्या पाटीचा केवढा अभिमान होता.

माझ्या मागं पन्नास माणसं उभी होती. चाळीस दिवस ज्याला मी माणसाचा डोळा खाणारा म्हटलं तो धैर्यशील दहा पावलांवर होता. मी मागं वळलो आणि तीन खिळे अंबूवैनींच्या पुढं धरले.

"जुनं हायत. कुनाचं हायत कोन जाणे."

वैनींनी खिळ्यांकडं बघितलं. एक एक करून डब्यात टाकला. "तीन," म्हणाल्या.

"नाव?" पिराजीनं विचारलं.

मी चुंबक पुसत होतो. पिराजीचा एक डोळा माझ्यावर होता की झाडावर, मला कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

"बरं," तो म्हणाला. चष्मा लावला, दोरी ओढली. मशीन चालू झालं. आडवा काप झाला होता, आता तिरका घ्यायचा होता. तिरका काप आडव्याच्या वीतभर वरून सुरू होतो. त्यानं मशीन छातीपर्यंत उचललं, पातं सालीकडं नेलं, अंतर कळेना म्हणून मान वाकडी करून चेहरा आणखी जवळ नेला.

आणि मला पत्र्याचा आवाज आठवला. पाटी लावली त्या वर्षी वाऱ्यात तो पत्रा रात्रभर ढोल वाजवायचा. मावशीनं तक्रार केली होती. म्हणून मी पत्र्याच्या बरोब्बर मधे, चांगला चार इंची, एक पाचवा खिळा मारला होता. चुंबक त्यावरनं फिरलं होतं आणि गप्प राहिलं होतं. म्हणजे तो खोल होता, आणि पिराजीचं पातं नेमकं तिथंच टेकत होतं.

"थांब!" मी ओरडलो. मशीनच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. मी धावलो, त्याच्या खांद्याला धरून मागं ओढलं. आम्ही दोघं पाखीवर आदळलो. माझ्या दंडात काटे घुसले. मशीन बंद झालं.

"पाचवा हाय!" मी म्हणालो. "मधी. पाचवा हाय."

"नाव?" पिराजीनं खाली पडल्या पडल्या विचारलं.

"मल्लेश," मी म्हणालो. हळू आवाज निघाला, म्हणून परत मोठ्यानं म्हणालो. "मल्लेश. पाच. पाची माझंच."

धैर्यशीलनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला परवडलं असतं. तो नुसता गाडीत बसला आणि निघून गेला.

पाचवा खिळा काढायला अर्धा तास लागला. चार बोटं लाकडाखाली गेला होता. माझ्या हाताला घाम आलेला, पकड निसटत होती, पण कुणी मदतीला आलं नाही. येणारही नव्हतं, ज्याचा त्यानंच काढायचा. मी तो डब्यात टाकला.

"चार," अंबूवैनी म्हणाल्या. मग त्यांनी कमरेची चंची सोडली, त्यातली कागदाची पुडी काढली आणि उलगडली. आत लाल वॉशरचा अर्धा तुकडा होता. "आन ह्यो चेनमधी अडकल्याला. त्या दिवशीचा. पाच झालं. लाव मशीन आता."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं.

मग सावर पडली. सांगण्यासारखं त्यात फार नाही, आणि चांगलं काम असंच असतं. खाच पुरी झाली, पिराजी मागच्या बाजूला गेला, मागून काप घेत घेत मधे बिजागरीसारखं चार बोटं लाकूड राखलं. शेंड्याचा दोर ट्रॅक्टरला होता. अंबूवैनींनी हात खाली केला, ट्रॅक्टर पुढं सरकला आणि एवढं मोठं झाड काहीही न बोलता रस्त्यावर झोपलं. पिराजी त्याच्या वाटेनं पळाला, डाव्या अंगाच्या दगडाला अडखळला, उठला. कापूस इतका उडाला की माणसाला माणूस दिसेना. तो बसला तेव्हा शालूमावशीचं घर जागेवर होतं आणि आतून तिची सासू विचारत होती, "काय पडलं गं?"

लोक पांगल्यावर मी पिराजीजवळ जाऊन बसलो.

"तुला म्हाईत हुतं. मग बोलला का न्हाईस? चाळीस दिस मी त्या मानसाला..."

"तू बोलत हुतास की," तो म्हणाला. "म्या म्हनलं, बोलता बोलता आठवंल."

"आन आज? नाव आलं न्हवतं. तरी मशीन लावलंस?"

तो बुंध्याच्या ओल्या कापावर हात फिरवत राहिला.

"तू वरडतोस का ते बघायचं हुतं," तो म्हणाला.

मागं डबा आपटल्याचा आवाज झाला. अंबूवैनी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"बघायचं हुतं? भावजी न्हाय वरडलं आसतं तर काय बघितलं आसतं तुमी? कशानं बघितलं आसतं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एक डोळा भावजींनी घेतला. दुसरा तुमी आपल्या हातानं ह्यांच्या म्होरं ठेवला. आन मी तिकडं दोर धरून हुबी! मला कुनी इचारलं?" मग माझ्याकडं वळल्या. "आन भावजी, तुमी. तीन खिळं माझ्या हातात दिलं. माझ्या हातात!"

त्यांनी दोर गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि कुणाची वाट न बघता चालू लागल्या.

पिराजी अजून झाडं पाडतो, पण लहान. खिळ्यासाठी दारोदार आता एकट्या अंबूवैनी फिरतात. पिराजीनं फिरायचं नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलंय. मी धैर्यशीलच्या घरी जाऊन आलो. त्यानं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि बस म्हणाला नाही. त्याचा मला अजून राग येतो. रागावायचा हक्क राहिला नाही तरी येतो.

आमच्या बाजूला कुठंही झाड पाडायचं असलं की आदल्या दिवशी अंबूवैनी माझ्या दुकानाच्या पायरीशी येतात. आत येत नाहीत. "भावजी, नाव?" म्हणतात. मी हातातली तार खाली ठेवतो, उठून उभा राहतो आणि रस्त्यावर ऐकू जाईल असं सांगतो, "मल्लेश. त्या झाडात माझा एक बी न्हाय."

त्या लगेच जात नाहीत. डबा हातात धरून माझ्याकडं बघत थांबतात. मग मी पुन्हा एकदा आठवून बघतो.